घरजागेचा ५० वर्षांचा भाडेपट्टा संपत आला आहे : नूतनीकरण कसे करून घ्यावे?

कृष्णाकाठ (सांगली) | १४ जून २०२५

सर्वांना नमस्कार. सांगलीतील आमच्या घराच्या जागेसंबंधी एक प्रश्न मांडते आहे.

माझ्या वडिलांनी १९७६ साली एका सार्वजनिक धार्मिक न्यासाकडून सुमारे ३०० चौरस मीटर मोकळी जागा ५० वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्याने घेतली आणि १९७८ साली तिच्यावर स्वखर्चाने घर बांधले. भुईभाडे दरसाल १५० रुपये ठरले होते. पट्टा १ एप्रिल १९७६ रोजी सुरू झाला, तो ३१ मार्च २०२६ रोजी संपतो. वडील २०११ साली वारले. आई ८४ वर्षांची आहे, ती याच घरात राहते. मी तिच्याजवळ असते आणि भाऊ पुण्याला असतो.

मार्च २०१९ पर्यंतच्या भुईभाड्याच्या पावत्या आमच्याकडे आहेत. त्यानंतर विश्वस्त बदलले आणि न्यासाने भुईभाडे घेणे बंद केले. दरवर्षी पाठवलेली मनीऑर्डर 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत येते. मूळ दस्त ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गेला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, आणि तळमजल्यावरच्या कपाटातला एकही कागद वाचला नाही. गेल्या महिन्यात दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची प्रमाणित प्रत काढली, तेव्हा नूतनीकरणाची अट मी प्रथमच शब्दशः वाचली. ती अशी आहे :

"सदर मुदत पुरी होण्यापूर्वी किमान सहा महिने पट्टेदार यांनी लेखी मागणी केल्यास, व भुईभाडे थकीत नसल्यास, मालक हे पट्टेदार यांस पुढील एकोणपन्नास वर्षांकरिता, त्या वेळी उभयतांमध्ये ठरेल त्या भुईभाड्याने, पट्टा नवीन करून देतील."

'पुढची ४९ वर्षे मिळणारच आहेत' हे वाक्य आम्ही भावंडे लहानपणापासून ऐकत आलो. आता मात्र एका विश्वस्तांनी भावाला दूरध्वनीवरून सांगितले आहे की मुदत संपल्यावर जागा मोकळी करून द्यावी लागेल. या अटीने आम्हाला खरोखर हक्क मिळतो का, तो कोणत्या मार्गाने बजावायचा, आणि मार्चनंतर आईच्या राहण्याला धोका आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे. ज्यांनी असे नूतनीकरण करून घेतले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अजिंक्यतारा (सातारा) | १४ जून २०२५

ताई, भाडेपट्ट्याची जमीन कायमची आपल्या नावावर, म्हणजे भोगवटादार वर्ग १ मध्ये, करून घेता येते. त्यासाठी २०१९ साली नियम झाले आहेत. तहसील कार्यालयात चौकशी करावी.

राजवाडा चौक (सांगली) | १५ जून २०२५

मी सांगलीत दिवाणी वकिली करतो. अजिंक्यतारा यांनी सांगितलेली तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २९-अ खालची आहे. ती शासनाने भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनींना लागू होते. ताईंची जागा न्यासाची आहे, त्यामुळे तो मार्ग येथे उपलब्ध नाही. पट्टा कोणाचा आहे, म्हणजे शासनाचा, महापालिकेचा, म्हाडाचा, औद्योगिक विकास महामंडळाचा, न्यासाचा की खासगी मालकाचा, हे पाहिल्याशिवाय दुसऱ्याच्या अनुभवावरून निर्णय घेऊ नये.

आता अटीकडे वळतो. 'मुदतवाढ' आणि 'नूतनीकरण' हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, कायदा तसे करत नाही. मुदतवाढीत जुनाच पट्टा पुढे चालू राहतो. नूतनीकरणात जुना पट्टा संपतो आणि नवा दस्त करून नवा पट्टा जन्माला येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली प्रभासचंद्र दलुई यांच्या प्रकरणात हा भेद स्पष्ट केला आहे. ताईंच्या दस्तात 'पट्टा नवीन करून देतील' असे शब्द आहेत, म्हणजे हे नूतनीकरण आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच होतो, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १०७ सांगते. तेव्हा विश्वस्तांनी तोंडी कितीही आश्वासने दिली, किंवा साध्या कागदावर सही करून दिली, तरी त्यातून ४९ वर्षांचा पट्टा निर्माण होणार नाही.

'करून देतील' हे शब्द आपल्या बाजूचे आहेत. 'मालकाची इच्छा असल्यास' किंवा 'उभयपक्षी संमती झाल्यास' असे शब्द असते, तर हक्क म्हणावा असे फारसे काही उरले नसते. मात्र या हक्काला दोन पूर्वअटी जोडल्या आहेत, आणि त्या तंतोतंत पाळाव्या लागतील. पहिली, मागणी लेखी आणि मुदतीत हवी. ३१ मार्च २०२६ च्या सहा महिने आधी म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पूर्वी. नूतनीकरणाचा पर्याय वापरण्याबाबत ठरलेली वेळ हा कराराचा गाभा असतो, ती टळली की पर्याय संपतो, असे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगितले आहे. तेव्हा ३० सप्टेंबरची वाट पाहू नका, जुलैमध्येच नोटीस द्या. दुसरी अट भुईभाडे थकीत नसण्याची. परत आलेल्या मनीऑर्डरींच्या सर्व पावत्या जपून ठेवा. २०१९-२० पासून चालू वर्षापर्यंत सात वर्षांचे १,०५० रुपये होतात, त्या रकमेचा धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) नोटिशीसोबत पाठवा. रक्कम लहान आहे म्हणून ती दुर्लक्षू नये. प्रतिपक्षाचा वकील पहिले बोट तिच्यावरच ठेवेल.

दुबळी जागा एकच आहे, 'उभयतांमध्ये ठरेल त्या भुईभाड्याने'. भाडे ठरलेच नाही, तर करार अनिश्चित आहे असे न्यासाला म्हणता येईल. म्हणून नोटिशीत केवळ 'नूतनीकरण करून द्या' असे लिहून थांबू नका. विशिष्ट आकडा सुचवा, आणि तो मान्य नसल्यास दोन्ही पक्षांना मान्य अशा मूल्यांककाकडून भाडे ठरवून घेण्याची तयारी लेखी कळवा.

एक प्रश्न मात्र विचारतो, त्याचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. १९७६ साली पट्टा देताना न्यासाने धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेतली होती का? सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीने पट्ट्याने द्यायची असेल, तर पूर्वमंजुरी लागते. दस्ताच्या सुरुवातीच्या परिच्छेदांत तिचा उल्लेख असेल.

हळदपेठ (सांगली) | १५ जून २०२५

राजवाडा चौक यांनी लिहिलेल्या मुदतीच्या मुद्द्यावर आमच्या घरचा अनुभव सांगतो, कारण त्याची किंमत आम्ही मोजली आहे. माझ्या काकांचे मिरजेतील घर एका खासगी मालकाच्या जागेवर ३० वर्षांच्या पट्ट्याने होते. नूतनीकरणाची अट होती, तीन महिने आधी मागणी करायची होती. मूळ मालक आणि काका यांचा घरोबा होता. 'कागद काय, केव्हाही करू' असे मालक म्हणत आणि काका त्यावर विसंबले. मुदत संपली, दोन वर्षांनी मालक वारले, आणि मुलांनी ताब्याचा दावा लावला. मुदतीत लेखी मागणी झाल्याचा एकही कागद काकांजवळ नव्हता. आठ वर्षे दावा चालला. शेवटी तडजोड झाली, आणि ज्या जागेचे भुईभाडे ते देत होते ती त्यांना पूर्ण बाजारभावाने विकत घ्यावी लागली. त्यासाठी काकूंचे दागिने आणि गावाकडची अर्धा एकर जमीन गेली. मालकांच्या मुलांना मी दोष देत नाही, कायदा त्यांच्या बाजूने होता. ताई, तुमच्याजवळ अजून साडेतीन महिने आहेत. ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे काकांच्या जागी उभे राहिल्यावरच कळते.

सतार कट्टा (मिरज) | १६ जून २०२५

ताईंचे कुटुंब जवळजवळ ५० वर्षे तेथे राहत आहे. भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण त्यांना मिळणार नाही का? तसेच इतक्या वर्षांच्या वहिवाटीने मालकी हक्क प्राप्त होतो, असेही ऐकले आहे.

राजवाडा चौक (सांगली) | १६ जून २०२५

हे दोन्ही समज फार पसरलेले आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

१९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात 'जागा' या शब्दात शेतीखेरीज अन्य वापराची मोकळी जमीनही धरली होती. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये 'जागा' म्हणजे इमारत किंवा इमारतीचा भाग, त्याला लागून असलेल्या बाग-अंगणासह, अशी व्याख्या आहे. ताईंच्या वडिलांनी इमारत भाड्याने घेतली नव्हती. त्यांनी जमीन घेतली आणि इमारत स्वतः उभी केली. म्हणून नव्या कायद्याच्या संरक्षणावर भिस्त ठेवता येणार नाही.

वहिवाटीचे म्हणाल, तर जो पट्टेदार म्हणून आत आला तो मालकाची मालकी नाकारू शकत नाही. कितीही वर्षे भुईभाडे भरले, तरी तो पट्टेदारच राहतो. प्रतिकूल कब्जाची, म्हणजे दीर्घ वहिवाटीने मालकी मिळाल्याची, भाषा नोटिशीत चुकूनही येऊ देऊ नये, कारण मालकी नाकारली की पट्टाच रद्द करण्याचे कारण मालकाच्या हाती जाते.

मार्चनंतर काय, या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. ३१ मार्चनंतर आईंना कोणी बळाने बाहेर काढू शकत नाही. न्यासाला दिवाणी न्यायालयात ताब्याचा दावा करावा लागेल. कायद्याची प्रक्रिया न करता कोणी ताबा काढून घेतला, तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून तो परत मिळवता येतो. एवढा धीर आईंना अवश्य द्या. पण नूतनीकरण न होता राहिल्यास, ताब्यापोटी बाजारदराने नुकसानभरपाईची मागणी न्यास करू शकेल, हेही लक्षात असू द्यावे.

कृष्णाकाठ (सांगली) | १८ जून २०२५

सर्वांचे मनापासून आभार. हळदपेठ यांचा अनुभव मी आईला वाचून दाखवला नाही, भावाला मात्र लगेच पाठवला.

राजवाडा चौक, दस्त पुन्हा वाचला. दुसऱ्या परिच्छेदात धर्मादाय आयुक्तांच्या आदेशाचा क्रमांक आणि दिनांक आहे. परंतु परवानगी 'पन्नास वर्षांच्या मुदतीकरिता' मिळाली आहे असेच लिहिले आहे, नूतनीकरणाच्या ४९ वर्षांचा उल्लेख त्यात नाही. याने आमचा हक्क जातो का?

राजवाडा चौक (सांगली) | १८ जून २०२५

मूळ पट्टा वैध आहे ही मोठी जमेची बाजू आहे. कलम ३६ ची मंजुरी न घेता दिलेले दीर्घ मुदतीचे अनेक पट्टे मी अडचणीत आलेले पाहिले आहेत. मात्र नव्या ४९ वर्षांसाठी नवी मंजुरी लागेल, आणि तिचा अर्ज विश्वस्तांनीच करायचा असतो. पट्टेदाराला तो करता येत नाही. आयुक्त त्या वेळी न्यासाचे हित पाहतील. म्हणजे तुमचा प्रस्ताव विश्वस्तांना पटणे पुरेसे नाही, तो आयुक्तांपुढे न्यासाच्या हिताचा म्हणून उभा राहिला पाहिजे. सुचवायचे भुईभाडे ठरवताना याचा विचार करा. १५० चे ३०० करण्याचा प्रस्ताव तेथे टिकणार नाही.

वाईचा घाट (वाई, जि. सातारा) | २० जून २०२५

मी एका देवस्थान न्यासाचा गेली अकरा वर्षे विश्वस्त आहे. येथे बहुतेकांनी पट्टेदाराच्या बाजूने लिहिले आहे, म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. ताईंच्या न्यासाशी माझा काही संबंध नाही.

आमच्या न्यासाच्या अशा १७ घरजागा आहेत. काहींचे भुईभाडे दरसाल ४० रुपये आहे. वसुलीसाठी माणूस पाठवायचा खर्च त्याहून अधिक येतो. देवळाचे वीजबिल, पुजाऱ्यांचे मानधन, नदीच्या पाण्याने खचलेला घाट, या साऱ्याला पैसा लागतो, आणि ज्यांनी या जमिनी देवाला दिल्या त्यांनी त्या याच कामांसाठी दिल्या होत्या. पट्टेदारांच्या घरांचे मूल्य लाखांत गेले आणि देवाला ४० रुपये मिळतात, हे पाहून नव्या विश्वस्तांच्या मनात कटुता येते. ती रास्त नसेल, पण समजण्यासारखी आहे.

ताईंना मनीऑर्डर परत का येते याचा उलगडा कदाचित यातून होईल. मुदत संपल्यावर मालकाने भाडे स्वीकारले किंवा अन्य प्रकारे संमती दाखवली, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ११६ नुसार पट्टेदाराचा ताबा महिन्या-महिन्याच्या पट्ट्याने चालू राहतो. त्यामुळे अनेक वकील न्यासांना 'पावतीच देऊ नका' असा सल्ला देतात, आणि घाबरलेले विश्वस्त मुदत संपण्याच्या कितीतरी आधीपासून तो पाळू लागतात. आमच्याकडेही हेच झाले होते. मुदतीच्या आत भाडे नाकारण्याला कोणताही आधार नाही, हे मी आमच्या बैठकीत स्पष्टपणे मांडले आणि पावत्या पुन्हा सुरू झाल्या.

माझा सल्ला असा की नोटीस अवश्य द्या, पण तिच्या आधी भेटायला जा. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत चार नूतनीकरणे झाली. चारही प्रकरणांत पट्टेदारांनी स्वतः रेडी रेकनरच्या (जमिनीच्या मूल्याच्या शासकीय दरपत्रकाच्या) आधारे भाड्याचा तक्ता आणि दर पाच वर्षांनी वाढीचा प्रस्ताव लिहून आणला होता, आणि कलम ३६ च्या अर्जाचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली होती. विश्वस्तांची बैठक दोन महिन्यांतून एकदा होते, तिच्यापुढे तयार कागद आला तर ठराव होतो. केवळ तक्रार आली तर विषय पुढच्या बैठकीवर जातो.

सतार कट्टा (मिरज) | २० जून २०२५

वाईचा घाट, रेडी रेकनरच्या किती टक्के भाडे योग्य मानावे? महापालिकेच्या जागांसाठी ८ टक्के होते, असे वाचल्याचे आठवते.

वाईचा घाट (वाई, जि. सातारा) | २१ जून २०२५

महापालिकांच्या मिळकतींसाठी २०१९ च्या नियमांत बाजारमूल्याच्या ८ टक्क्यांची किमान मर्यादा घातली गेली होती. गाळेधारकांनी राज्यभर विरोध केल्यानंतर शासनाने ते प्रमाण पुढे बरेच खाली आणले. ते नियम न्यासांना लागू नाहीत, पण ८ टक्के का पेलले नाहीत हे हिशेबाने कळेल. समजा ताईंच्या ३०० चौरस मीटर जागेचा दर चौरस मीटरला १०,००० रुपये धरला, तर जमिनीचे मूल्य ३० लाख होते. त्याचे ८ टक्के म्हणजे वर्षाला २,४०,०००, महिना २०,००० रुपये. स्वतः बांधलेल्या घरात राहून नुसत्या जमिनीपोटी एवढे कोणते निवृत्त कुटुंब देऊ शकेल? १ टक्का धरला तर वर्षाला ३०,००० होतात, म्हणजे महिना २,५००. आमची चारही नूतनीकरणे १ टक्क्याच्या आसपास, दर पाच वर्षांनी १० टक्के वाढीने झाली आणि मंजूरही झाली.

अजिंक्यतारा (सातारा) | २२ जून २०२५

माझे पहिले उत्तर घाईचे होते, राजवाडा चौक यांनी केलेली दुरुस्ती मान्य आहे. आमचा अनुभव शासकीय पट्ट्याचा आहे. अशी घरे साताऱ्यात बरीच असल्याने तो लिहून ठेवतो.

आमच्या पट्ट्याची १४ वर्षे उरली होती. घर विकायला काढले, खरेदीदार मिळाला, पण बँकेने कर्ज नाकारले. कर्ज २० वर्षांचे आणि पट्टा १४ वर्षांचा, हे त्यांच्या दृष्टीने जुळणारे नव्हते. तेव्हा कळले की पट्ट्याची किंमत मुदत संपल्यावर एकदम जात नाही, ती आधीपासूनच उतरत जाते. पुढे २०१९ च्या नियमांनी रूपांतरणाचा मार्ग खुला झाला. पहिल्या तीन वर्षांसाठी अधिमूल्याचा (रूपांतरणासाठी शासनाला भरायच्या रकमेचा) सवलतीचा दर होता, त्यानंतरचा दर त्याच्या कितीतरी पट होता. आम्ही सवलतीच्या काळात अर्ज केला. रक्कम भरण्याआधी शर्तभंगाची तपासणी झाली. परवानगीशिवाय वाढवलेली एक खोली निघाली, तिचा दंड वेगळा भरला. ज्यांचे पट्टे शासनाचे आहेत त्यांनी आपल्या मिळकतीला सध्या कोणता दर लागू आहे हे जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे.

महाबळेश्वरातील ब्रिटिशकाळापासूनच्या पट्ट्यांच्या बंगल्यांचा विषय याच जातीचा आहे, पण त्यासाठी स्वतंत्र धागा लागेल.

लेस्टरकर (मूळ गाव तासगाव) | २२ जून २०२५

मी गेली २२ वर्षे इंग्लंडमध्ये राहते. येथे बहुतेक सदनिका पट्ट्यानेच विकल्या जातात, म्हणून हा विषय आमच्या घरातही रोजचा आहे. फरक एवढाच की इंग्लंड आणि वेल्समध्ये मुदतवाढ हा कायद्याने दिलेला हक्क आहे. १९९३ च्या कायद्यानुसार सदनिकेच्या पट्टेदाराला उरलेल्या मुदतीवर आणखी ९० वर्षे मिळतात आणि पुढचे भुईभाडे नाममात्र होते. त्याला येथे 'मिरीचा दाणा' म्हणतात, कारण जुन्या काळी करार वैध राहावा म्हणून खरोखर एक दाणा देण्याची रीत होती. त्याबद्दल मालकाला एकरकमी मोबदला द्यावा लागतो, आणि उरलेली मुदत ८० वर्षांच्या खाली गेली की तो मोबदला झपाट्याने वाढतो. आम्ही ८३ वर्षे उरली असताना अर्ज केला तो याच कारणाने. २०२४ च्या नव्या कायद्यात ९९० वर्षांची तरतूद आहे, पण तो टप्प्याटप्प्याने अमलात येतो आहे. सदनिका घेतल्यावर दोन वर्षे थांबण्याची जुनी अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली.

ताईंच्या बाबतीत असा कायदा पाठीशी नाही, जे आहे ते दस्तातील त्या एका वाक्यात आहे. म्हणून त्या वाक्यातील प्रत्येक शब्द पाळणे आवश्यक ठरते.

निवृत्त निबंधक (इस्लामपूर) | २४ जून २०२५

मी नोंदणी विभागातून निवृत्त झालो आहे. मुद्रांक शुल्काचा विषय अजून कोणी काढला नाही, आणि ऐन वेळी तोच अंगावर येतो. भाडेपट्ट्यासाठी मुद्रांक अधिनियमाचा अनुच्छेद ३६ लागतो. मुदत पाच वर्षांपर्यंत असेल तर बाजारमूल्याच्या १० टक्के रकमेवर, दहा वर्षांपर्यंत २५ टक्क्यांवर, २९ वर्षांपर्यंत ५० टक्क्यांवर आणि २९ वर्षांहून अधिक असेल तर ९० टक्के रकमेवर अभिहस्तांतरणाच्या (खरेदीखताच्या) दराने शुल्क आकारतात. दस्तातच नूतनीकरणाची मुदत नमूद असेल, तर ती मूळ मुदतीत मिळवून धरतात. म्हणजे ४९ वर्षांच्या पट्ट्यासाठी जवळजवळ खरेदीखताइतके शुल्क येते. याच कारणाने अनेक दस्त २९ वर्षांचे केलेले दिसतात.

ताईंनी २९ वर्षे घ्यावीत असे मी म्हणत नाही. दस्तातला हक्क ४९ वर्षांचा आहे, २० वर्षे सोडून देणे महागात पडेल. मात्र नोंदणीपूर्वी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय (किती शुल्क लागेल याचा अधिकृत निर्णय) करून घ्यावा आणि मूल्यांकन जमिनीपुरते व्हावे यासाठी घर स्वखर्चाने बांधल्याचे पुरावे जोडावेत : बांधकाम परवाना, घरपट्टीचे जुने उतारे, नकाशा.

आणखी एक, नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. तिच्यात 'पट्टेदार' असा स्वतंत्र रकाना असतो. तेथे वडिलांचे नाव लागले आहे का आणि २०११ नंतर वारसांची नोंद झाली आहे का, ते पाहा.

राजवाडा चौक (सांगली) | २४ जून २०२५

निबंधक साहेबांनी लिहिले ते मोलाचे आहे. वारस नोंदीवरून आठवले, नोटीस आई, ताई आणि भाऊ या सर्वांच्या सहीने जावी. एकट्याने दिलेली मागणी सर्व पट्टेदारांची नाही, असा आक्षेप घेता येतो. भाऊ येऊ शकत नसतील तर कुलमुखत्यारपत्र करून घ्या. नोटीस कोणाला द्यायची हेही निश्चित करा. धर्मादाय कार्यालयातून न्यासाच्या परिशिष्ट १ चा उतारा काढला की विश्वस्तांची अधिकृत नावे मिळतील. न्यासाच्या पत्त्यावर एक आणि प्रत्येक विश्वस्ताला एक अशा प्रती पाठवा.

नव्या दस्तात पुढील नूतनीकरणाची अट हवी असेल तर ती आताच स्पष्ट मागा. जुन्या अटीवरून नव्या पट्ट्यालाही आपोआप नूतनीकरणाचा हक्क चिकटेल, यावर विसंबू नका.

हळदपेठ (सांगली) | २५ जून २०२५

एक शंका आहे. एवढा खटाटोप आणि खरेदीखताइतके शुल्क, तर मग न्यासाकडून जागाच विकत का घेऊ नये?

वाईचा घाट (वाई, जि. सातारा) | २५ जून २०२५

विक्रीलाही कलम ३६ चीच मंजुरी लागते, आणि त्या वेळी सहसा जाहीर निविदा मागवाव्या लागतात. अधिक बोली लावणारा तिसराच कोणी पुढे आला तर तो ताईंच्या जागेचा मालक होईल. पट्टा त्याच्यावरही बंधनकारक राहील हे खरे, पण मुदत संपायला आठ-नऊ महिने उरले असताना असा मालक ओढवून घेणे मला धोक्याचे वाटते. आधी नूतनीकरण पदरात पाडून घ्यावे.

कृष्णाकाठ (सांगली) | ६ ऑक्टोबर २०२५

बरेच दिवसांनी लिहिते आहे, त्याबद्दल क्षमस्व. येथे मिळालेल्या सल्ल्यांचे काय झाले ते सांगणे मी माझे कर्तव्य समजते.

मिळकत पत्रिकेत वडिलांचे नाव पट्टेदार म्हणून होते, वारस नोंद नव्हती. ती जुलैमध्ये करून घेतली. २१ जुलै रोजी तिघांच्या सहीने, १,०५० रुपयांच्या धनाकर्षासह, न्यासाला आणि सातही विश्वस्तांना नोटिसा पाठवल्या. सर्वांच्या पोचपावत्या आल्या. नोटिशीत जमिनीच्या रेडी रेकनर मूल्याच्या १ टक्का भुईभाडे आणि दर पाच वर्षांनी १० टक्के वाढ असा प्रस्ताव दिला.

वाईचा घाट यांच्या सल्ल्याप्रमाणे नोटिशीच्या आधीच मी आणि भाऊ अध्यक्षांना भेटलो होतो. आमच्या मनीऑर्डरी परत जात असल्याचे त्यांना माहीतच नव्हते. परस्पर कार्यालयातून तसे होत होते. न्यासाच्या ओवऱ्या २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांत खचल्या आहेत आणि दुरुस्तीला पैसा नाही, हे त्यांनी दाखवले. मला ते पाहून वाईट वाटले, कारण त्याच ओवऱ्यांत आम्ही लहानपणी खेळलो आहोत. 'जागा मोकळी करा' म्हणणारे विश्वस्त बैठकीतही विरोधातच राहिले. त्यांचे म्हणणे २ टक्क्यांचे होते. २८ सप्टेंबरच्या बैठकीत सव्वा टक्का भुईभाडे, दर पाच वर्षांनी १० टक्के वाढ आणि ४९ वर्षांची मुदत असा ठराव बहुमताने झाला. धनाकर्ष स्वीकारून सात वर्षांच्या पावत्या दिल्या. कलम ३६ चा अर्ज या महिन्यात दाखल होईल, खर्च आम्ही करणार आहोत. पुढील नूतनीकरणाची अट मात्र त्यांनी मान्य केली नाही.

मंजुरी मार्चपूर्वी येईलच असे नाही. ती न आल्यास मधल्या काळात आम्ही काय करावे?

राजवाडा चौक (सांगली) | ६ ऑक्टोबर २०२५

अभिनंदन. ठरावाची प्रमाणित प्रत आजच मागून घ्या. नोटीस मुदतीत पोचली आहे, थकबाकी नाही आणि भाडेही ठरले आहे, त्यामुळे दस्तातील दुबळी जागा आता उरलेली नाही. मंजुरीस विलंब झाल्यास, अर्ज प्रलंबित असेपर्यंत ताबा पूर्ववत राहील असे न्यासाकडून लेखी घ्या आणि ठरलेल्या दराने भुईभाडे देत राहा. न्यासाने पुढे शब्द फिरवला, तर करारपूर्तीचा दावा मुदतीच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांत लावावा लागतो. नकार मिळाल्याचा दिनांक नोंदवून ठेवत जा.

निवृत्त निबंधक (इस्लामपूर) | ७ ऑक्टोबर २०२५

ताई, नव्या दस्ताचा मसुदा करताना मिळकतीचे वर्णन जुन्या दस्तावरून जसेच्या तसे उतरवू नका. १९७६ च्या दस्तात बहुधा फक्त सर्व्हे क्रमांक असेल. आता नगर भूमापन क्रमांक, मिळकत पत्रिकेवरील क्षेत्र आणि चतुःसीमा घालाव्यात. पूर्वेचा शेजारी ५० वर्षांत बदलला असेल, त्याचेही नाव तपासून घ्या. क्षेत्रात चार-दोन मीटरचा फरक निघाला तर अर्ज दाखल होण्याआधीच मोजणी करून घ्या, म्हणजे मंजुरीचा आदेश आणि दस्त यांत तफावत राहणार नाही.

कृष्णाकाठ (सांगली) | ७ ऑक्टोबर २०२५

निबंधक काका, आपण म्हणता तसेच आहे. दस्तात ३०० चौरस मीटर आणि मिळकत पत्रिकेत २९६.४ आहे, आणि पूर्वेला ज्यांचे नाव आहे ते घर १९९० च्या सुमारास विकले गेले. मोजणीचा अर्ज उद्याच देते.